जिवंत दात्याकडून यकृत प्रत्यारोपण: पित्तनलिकेची गुंतागुंत कशी कमी करता येते?

जिवंत दात्याकडून यकृताचा म्हणजे लिव्हरचा भाग मिळाला, शस्त्रक्रिया झाली, रुग्ण घरी आला, की कुटुंबाला वाटते मोठे संकट टळले. ते बरेचसे खरेही असते. पण या शस्त्रक्रियेत नंतर सर्वांत जास्त त्रास देणारा भाग म्हणजे पित्तनलिकेचा जोड. प्रौढ रुग्णांमध्ये साधारण १०० पैकी १५ ते ३० जणांना पित्तनलिकेशी संबंधित काही ना काही अडचण येते. यातील बहुतेकांवर पुन्हा पोट न उघडता उपचार करता येतात. मात्र अडचण लवकर ओळखली गेली पाहिजे.

सुरगाणा तालुक्यासारख्या डोंगराळ भागात राहणाऱ्या कुटुंबांसाठी हे "लवकर" फार महत्त्वाचे आहे. सुरगाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर, आणि प्रत्यारोपण मुंबईला किंवा पुण्याला झाले असेल तर अंतर त्याहून बरेच जास्त. म्हणून कोणते लक्षण दिसल्यावर थांबायचे नाही, कोणाला फोन करायचा आणि कोणती तपासणी चुकवायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असावे.

पित्त आणि पित्तनलिका म्हणजे काय?

आपण बोलताना "पित्त झाले" म्हणतो ते बहुधा आम्लपित्त, म्हणजे जठरातील ॲसिडिटी. या लेखातील पित्त वेगळे आहे. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर हिरवट-पिवळा रस तयार करते. तो रस म्हणजे पित्त. तेलकट पदार्थ पचवायला तो लागतो आणि शरीरातील बिलिरुबिन हा पिवळा पदार्थही त्याच वाटेने आतड्यात जाऊन शौचावाटे बाहेर पडतो.

यकृतातील बारीक नळ्या एकत्र येऊन मोठ्या होत जातात आणि शेवटी एका मुख्य नळीतून पित्त आतड्यात उतरते. या नळ्यांना पित्तनलिका म्हणतात. वाट अडली की बिलिरुबिन रक्तात साठते, डोळे आणि लघवी पिवळी होते. हीच कावीळ.

जिवंत दात्याच्या यकृतात ही अडचण जास्त का येते?

मृत दात्याकडून पूर्ण यकृत मिळते. त्याची पित्तनलिका लांब आणि तुलनेने रुंद असते. जिवंत दात्याकडून यकृताचा एक भाग घेतला जातो. प्रौढांसाठी बहुधा उजवा भाग, लहान मुलांसाठी डावीकडचा छोटा भाग. झाडाची फांदी जिथे फुटते तिथेच कापावी, तशी येथे पित्तनलिका फाट्याजवळ कापावी लागते. त्यामुळे तिचे तोंड जेमतेम काही मिलिमीटरचे असते. अनेक दात्यांमध्ये उजव्या भागातून एक नव्हे तर दोन किंवा तीन नळ्या वेगवेगळ्या निघतात आणि प्रत्येकीचा जोड वेगळा करावा लागू शकतो.

शेतातील ठिबकच्या नळीचा जोड सैल राहिला तर गळतो आणि आवळला गेला तर पाणी अडते. पित्तनलिकेचेही तसेच, पण एक मोठा फरक आहे. पित्तनलिका जिवंत आहे आणि तिला रक्त लागते. ते रक्त जवळजवळ सगळे यकृताच्या रोहिणीतून म्हणजे हेपॅटिक आर्टरीतून येते. रोहिणीत गुठळी झाली किंवा नलिकेभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या तुटल्या, तर जोड कितीही सुबक असला तरी नलिकेचे टोक सुकते. मग ते गळते किंवा आकसते.

यकृताची वाढ मात्र होते. दात्याचे उरलेले यकृत आणि रुग्णाला मिळालेला भाग, दोन्ही काही महिन्यांत बरेचसे मूळ आकाराच्या जवळ येतात. जोडाची जागा मात्र तीच राहते. म्हणून यकृत उत्तम काम करत असतानाही पित्तनलिकेची अडचण येऊ शकते.

मुख्य गुंतागुंती कोणत्या?

- पित्तगळती: जोडातून किंवा यकृताच्या कापलेल्या पृष्ठभागातून पित्त पोटात झिरपते. बहुधा पहिल्या काही आठवड्यांत कळते. ड्रेनच्या पिशवीत हिरवट-पिवळे पाणी येणे, पोटात दुखणे, पोट फुगणे, ताप ही लक्षणे.
- पित्तनलिका अरुंद होणे: जोडाच्या जागी व्रण भरताना नलिका आकसते. ही अडचण बहुधा पहिल्या वर्षात दिसते, पण काहींना त्यानंतरही येते. ज्यांना आधी गळती झाली होती, त्यांना ही शक्यता जास्त.
- जोडाव्यतिरिक्त इतरत्र नलिका अरुंद होणे: यकृताच्या आत अनेक ठिकाणी नळ्या आकसतात. रोहिणीत अडथळा, रक्तगट न जुळता केलेले प्रत्यारोपण अशी कारणे असतात. यावर उपचार अवघड असतो.
- खडे, गाळ आणि संसर्ग: पित्त साचले की त्यात गाळ बसतो आणि जंतू वाढतात. पित्तनलिकेच्या या संसर्गाला कोलॅन्जायटिस म्हणतात. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असल्याने तो काही तासांत रक्तात पसरू शकतो.

शस्त्रक्रियेपूर्वी काय करता येते?

गुंतागुंत कमी करण्याचे काम दात्याच्या तपासणीपासून सुरू होते. दात्याची एमआरसीपी ही तपासणी करून पित्तनलिकांचा नकाशा काढतात. तिच्यात सुई न टोचता, एमआरआय यंत्रावर नळ्यांचे चित्र मिळते. रक्तवाहिन्यांसाठी सीटी स्कॅन करतात. नळ्यांची रचना फारच गुंतागुंतीची असेल तर दुसरा दाता शोधण्याचा सल्ला दिला जातो. "रक्तगट जुळला, मग नकार का?" असा प्रश्न कुटुंबाला पडतो. कारण बहुधा दात्याच्या सुरक्षिततेत किंवा अशा रचनेत असते.

सुरगाणा, पेठ, कळवण या भागांत सिकलसेल आढळतो. घरात कोणाला सिकलसेल असेल किंवा त्याचे कार्ड मिळाले असेल, तर दाता आणि रुग्ण दोघांच्या बाबतीत ते पहिल्याच भेटीत सांगा. शस्त्रक्रियेचे नियोजन आणि पुढे कावीळ झाल्यास तिचे कारण शोधणे, दोन्हींसाठी त्याची गरज असते.

कुटुंबाच्या हातात असलेली एक गोष्ट म्हणजे धूम्रपान. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये यकृताच्या रोहिणीत गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि रोहिणी बंद झाली की पित्तनलिकेचे रक्त तुटते. रुग्णाने आणि दात्याने बिडी, सिगारेट आणि दारू पूर्ण सोडावी. तंबाखू-मिश्रीसुद्धा.

शस्त्रक्रियेत सर्जन काय काळजी घेतात?

- दात्याच्या यकृताचा भाग वेगळा करताना पित्तनलिका नेमकी कुठे कापायची हे ठरवण्यासाठी टेबलावरच रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. काही केंद्रांत निअर-इन्फ्रारेड प्रकाशात चमकणाऱ्या आयसीजी या द्रव्याचा उपयोग करतात.
- नलिकेभोवतीचा मऊ थर शक्य तितका सोलत नाहीत, कारण तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्यातच असतात. रुग्णाच्या बाजूच्या नलिकेबाबतही हीच काळजी घेतात.
- भिंगाच्या चष्म्यातून किंवा मायक्रोस्कोपखाली केसासारख्या बारीक धाग्याने, ताण न देता टाके घालतात.
- दोन नळ्यांची तोंडे शेजारी असतील तर ती एकत्र शिवून एकच तोंड करतात. त्यामुळे जोड कमी होतात.
- काही रुग्णांत जोडातून बारीक नळी ठेवतात. ती सर्वांनाच लागते असे नाही.

जोड दोन प्रकारे करतात. पहिल्यात दात्याची नलिका रुग्णाच्या नलिकेला जोडतात. यात पुढे अडचण आली तर तोंडातून दुर्बीण घालून जोडापर्यंत पोहोचणे सोपे जाते. दुसऱ्यात नलिका आतड्याच्या वळवलेल्या भागाला जोडतात. जन्मतः पित्तनलिका बंद असलेल्या बाळांत किंवा रुग्णाची स्वतःची नलिका आजारी असल्यास हाच मार्ग घ्यावा लागतो. तुमच्या रुग्णात कोणता जोड केला आहे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पुढे कोणत्याही रुग्णालयात गेलात तरी ही एक ओळ डॉक्टरांचा वेळ वाचवते.

घरी आल्यावर काय पाळावे?

रक्ततपासणी चुकवू नका. नलिका अरुंद होऊ लागते तेव्हा रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. डोळे पिवळे होण्याच्या कितीतरी आधी रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी वाढू लागतात. रुग्ण चालता-फिरता असतो, भाकरी खात असतो, तरी रिपोर्ट आधी बोलतो. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा आणि रिपोर्ट त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राच्या समन्वयकाला मोबाइलवर पाठवा.

टॅक्रोलिमसची पातळी. या औषधाची पातळी सकाळची गोळी घेण्यापूर्वी तपासतात. सुरगाण्याहून पहाटेच्या गाडीने नाशिकला जात असाल तर गोळी बरोबर ठेवा, रक्त दिल्यावर घ्या. सवयीने घरीच घेतली तर रिपोर्ट चुकीचा येतो.

ड्रेन किंवा नळी असल्यास रोज किती पाणी आले आणि त्याचा रंग कसा होता, हे वहीत लिहा. नळी ओढली जाऊ नये म्हणून कपड्याला नीट टाचा. ती निघाली तर स्वतः परत घालू नका. जागा स्वच्छ कापडाने झाका आणि लगेच केंद्राला फोन करा.

दुसरी औषधे विचारल्याशिवाय नको. काही प्रतिजैविके, बुरशीवरील औषधे, क्षयरोगाची आणि फिट्सची औषधे टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात किंवा घटवतात. अंगदुखीच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. गावातील डॉक्टरांना किंवा मेडिकल दुकानदाराला आधी सांगा, "यकृत बदललेले आहे."

कावीळ दिसली तर झाडपाल्याचे औषध का नको?

आपल्याकडे कावीळ झाली की कावीळ उतरवणे, गळ्यात माळ घालणे, नाकात देवडांगरीचा रस सोडणे असे उपाय घराघरांत सुचवले जातात. साध्या विषाणूजन्य काविळीत, उदाहरणार्थ हेपॅटायटिस ए मध्ये, बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय मात्र माळेला मिळते. त्या अनुभवामुळे लोकांचा विश्वास बसलेला असतो आणि तो विश्वास समजण्यासारखा आहे.

प्रत्यारोपणानंतरची कावीळ मात्र वेगळी आहे. नलिका आकसलेली असेल तर ती कोणत्याही रसाने, मुळीने किंवा पथ्याने रुंद होत नाही. ती वाट हातानेच मोकळी करावी लागते. माळ घालून पंधरा दिवस वाट पाहिली तर तेवढ्या दिवसांत साचलेल्या पित्तात संसर्ग होऊ शकतो आणि नव्या यकृताला कायमची इजा होऊ शकते. शिवाय काही वनस्पती स्वतःच यकृताला त्रास देतात. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती मुंबईतील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे येथे उलटे पडू शकतात, कारण नवे यकृत टिकावे म्हणून आपण तीच प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली असते.

घरातील वडीलधारी मंडळी प्रेमापोटी आग्रह करतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा डॉक्टरांच्या भेटीला बरोबर न्या आणि त्यांच्यासमोरच हा प्रश्न विचारा.

डॉक्टरांशी लगेच केव्हा बोलावे?

खालीलपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी फोन करा:

- थंडी वाजून ताप
- डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणे
- शौच पांढुरकी, मातीच्या रंगाची होणे
- अंगभर खाज, विशेषतः रात्री
- उजव्या कुशीत किंवा पोटात वाढते दुखणे, पोट फुगणे
- ड्रेनच्या जागेतून हिरवट-पिवळे पाणी येणे

ताप आणि थंडीबरोबर रुग्ण सुस्त झाला, बडबडू लागला, लघवी कमी झाली किंवा रक्तदाब उतरला, तर ही आणीबाणी आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पावसाळ्यात थंडीतापाला हिवताप समजून गोळी देण्याची सवय असते. हिवतापाची तपासणी जरूर करा, पण तिच्या रिपोर्टसाठी केंद्राला फोन करणे थांबवू नका.

घाटात रस्ता बंद असेल किंवा रात्र झाली असेल, तर सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन डिस्चार्ज कार्ड दाखवा आणि तेथील डॉक्टरांचे प्रत्यारोपण केंद्राशी फोनवर बोलणे करून द्या. सलाइन आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस तेथेच सुरू झाला तर पुढचा प्रवास अधिक सुरक्षित होतो.

निदान आणि उपचार

प्रत्यारोपणानंतर कावीळ झाली म्हणजे यकृत शरीराने नाकारलेच असे नाही. नाकारणे, संसर्ग, औषधाचा परिणाम आणि पित्तनलिकेतील अडथळा यांचे रिपोर्ट सुरुवातीला सारखे दिसू शकतात. त्यामुळे रक्ततपासणी, रोहिणीचा प्रवाह पाहणारी डॉप्लर सोनोग्राफी, एमआरसीपी आणि गरज पडल्यास यकृताची बायोप्सी करतात. सोनोग्राफीत नळ्या फुगलेल्या दिसल्या नाहीत म्हणून अडथळा नाही, असे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून एमआरसीपीचा आग्रह धरला जातो.

छोटी गळती अनेकदा ड्रेन चालू ठेवल्याने आपोआप थांबते. मोठ्या गळतीसाठी स्टेंट किंवा शस्त्रक्रिया लागू शकते.

ईआरसीपी: तोंडातून दुर्बीण घालून आतड्यापर्यंत जातात, अरुंद जागा फुग्याने रुंद करतात आणि तेथे प्लास्टिकची बारीक नळी म्हणजे स्टेंट ठेवतात. एकदा केल्याने काम संपत नाही. स्टेंट साधारण दर ३ महिन्यांनी बदलावे लागतात आणि हे उपचार बहुधा वर्षभर चालतात. काही रुग्णांत आवरण असलेला धातूचा स्टेंट वापरतात.

पीटीबीडी: दुर्बिणीने पोहोचता आले नाही किंवा जोड आतड्याशी असेल, तर बरगड्यांच्या बाजूने सुई घालून पित्ताला वाट करून देतात.

पुन्हा शस्त्रक्रिया: वरील उपाय अपुरे पडले तर नलिका आतड्याला नव्याने जोडतात. पुन्हा प्रत्यारोपण करण्याची वेळ फार थोड्या रुग्णांवर येते.

स्टेंटची तारीख विसरू नका

स्टेंट घातल्यावर खाज जाते, भूक लागते, कावीळ उतरते. मग भातलावणी येते, मजुरी बुडते, आणि "बरे वाटतेय, पुढच्या महिन्यात जाऊ" असे होते. प्लास्टिकचा स्टेंट काही महिन्यांत गाळाने बंद होतो. बंद स्टेंट म्हणजे पित्तात अडकलेली परकी वस्तू, आणि त्यातून अचानक तीव्र संसर्ग होतो. स्टेंट कधी घातला, कधी बदलायचा, या दोन्ही तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा आणि घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये आठवण लावा.

दात्याकडेही लक्ष द्या

दात्यालाही पित्तगळती होऊ शकते. साधारण १०० पैकी ५ ते १० दात्यांत ती आढळते आणि बहुतेकांत ड्रेन किंवा स्टेंटने बरी होते. उजवा भाग देणाऱ्या दात्यांमध्ये मृत्यूचा धोका साधारण २०० ते ५०० मध्ये १ इतका सांगितला जातो. धोका कमी आहे, पण शून्य नाही. कायद्यानेही दात्याला तो समजावून सांगूनच संमती घ्यावी लागते आणि दाता शेवटच्या क्षणापर्यंत नकार देऊ शकतो. त्या नकाराचे कारण कुटुंबाला सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

दाता अनेकदा आई किंवा पत्नी असते. घरी आल्यावर सगळ्यांचे लक्ष रुग्णाकडे आणि चूल-पाणी तिच्याकडे, असे होऊ देऊ नका. साधारण ३ महिने तिने डोक्यावर हंडा, सरपणाचा भारा किंवा भाताची पोती उचलू नयेत. ताप, पोटदुखी, पोट फुगणे ही लक्षणे तिच्यातही तितकीच गंभीर आहेत. तिच्या तपासणीची तारीखही त्याच कॅलेंडरवर लिहा.

खर्चाचा अंदाज शस्त्रक्रियेपूर्वीच घ्या

प्रत्यारोपणाच्या पॅकेजमध्ये पुढील ईआरसीपी, स्टेंट आणि एमआरसीपी धरलेले आहेत का, हे लेखी विचारा. पैशांची तजवीज पहिल्या वर्षभराची करा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि धर्मादाय रुग्णालयांतील निर्धन रुग्णांसाठी राखीव १० टक्के खाटा यांबाबत रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. योजनांचे नियम बदलतात, म्हणून रेशनकार्ड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला आधी तयार ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पथ्याने नलिका उघडी राहते का? नाही. पण ताजा, शिजवलेला आहार संसर्ग टाळतो. नागलीची भाकरी, भात, डाळ, उकडलेली अंडी चालतात. पाणी उकळून गार करून प्या. वाटेवर घेतलेली न धुतलेली फळे, अगदी बोरगावच्या रस्त्यावरची ताजी स्ट्रॉबेरीसुद्धा, सुरुवातीच्या महिन्यांत टाळा. पपनस आणि ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकतात, ती खाऊ नयेत.

उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळीने अडथळा जातो का? ही गोळी पित्त पातळ वाहते राहावे म्हणून अनेक ठिकाणी देतात. आकसलेली नलिका तिने रुंद होत नाही.

ही अडचण आली म्हणजे प्रत्यारोपण फसले का? नाही. वेळेत उपचार घेतलेले बहुतेक रुग्ण पुन्हा शेतीकाम, नोकरी, शाळा सुरू करतात. यकृत चांगले असते, फक्त त्याची वाट मोकळी ठेवावी लागते.

थोडक्यात: रक्ततपासणी वेळेवर, थंडीताप किंवा कावीळ दिसताच त्याच दिवशी फोन, स्टेंटची तारीख काटेकोर, झाडपाला बंद, आणि दात्याचीही तेवढीच काळजी.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, थांबवणे किंवा बदलणे यासाठी तुमच्या प्रत्यारोपण केंद्राच्या डॉक्टरांचाच सल्ला घ्या.